देखभालीचे भंगार आणि सहा लाखांचा परतावा: हिंगण्यातील एक प्रकरण

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याने जून २०१२ मध्ये केंद्रीय उत्पादन शुल्काच्या, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या मालावरील तेव्हाच्या केंद्रीय कराच्या, परताव्यासाठी सहा लाख रुपयांचा दावा दाखल केला. सहा वर्षे आणि तीन टप्पे पार पडल्यावर त्यातले एक लाख रुपये मुद्दल आणि छत्तीस हजार रुपये व्याज कारखान्याच्या बँक खात्यात जमा झाले. गंमत अशी की, ज्या कायदेशीर मुद्द्यावर हा दावा उभा होता तो मुद्दा कारखान्याने जिंकला होता. दुरुस्ती-देखभालीतून निघणाऱ्या भंगारावर उत्पादन शुल्क लागत नाही, हे शेवटी सर्वांनी मान्य केले. तरीही मागितलेल्या रुपयातले जेमतेम सतरा पैसे मुद्दल म्हणून परत आले. उरलेले पैसे कुठे अडले याचे उत्तर कायद्याच्या अहवालांपेक्षा कारखान्याच्या यार्डात, विक्रीच्या बिलांत आणि खतावणीच्या एका पानावर अधिक सापडते, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखे वाटते.

मी या प्रकरणात पहिल्या अपिलापासून सल्लागार होतो. पक्षकारांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे दिलेली नाहीत, आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून रकमा बदलून गोल केल्या आहेत.

एका फाटकातून जाणारे दोन प्रकारचे भंगार

हा कारखाना पोलादी पत्रा कापून, प्रेसवर दाबून आणि गोल सळया लेथवर घडवून वाहनांचे सुटे भाग बनवतो. उत्पादन चालू असताना पत्र्याच्या कडांची कातरण, पंचिंगमधून पडणाऱ्या चकत्या आणि लेथवरचे टर्निंग, म्हणजे धातूचा कीस, असे भंगार रोज निघते. या भंगारावर शुल्क लागते याबद्दल कारखान्याचा कधीच वाद नव्हता. शुल्क दरपत्रकात ७२०४ या शीर्षकाखाली लोखंड-पोलादाच्या भंगाराची नोंद होती, आणि धातूवर यांत्रिक प्रक्रिया करताना निघणारा अवशेष तिथे स्पष्टपणे बसत होता.

दुसऱ्या प्रकारचे भंगार उत्पादनातून निघत नाही. झिजलेली बेअरिंगे, तुटलेली कपलिंगे, दात गेलेले गिअर, गंजलेले पाइप, जुन्या शेडचे अँगल आणि चॅनेल, मोडीत काढलेल्या क्रेनचा गर्डर हा सगळा माल देखभाल विभागाकडून येतो. या वस्तू कारखान्याने बनवलेल्या नसतात. त्या विकत आणलेल्या असतात, वापरून झिजतात आणि शेवटी किलोच्या भावाने जातात. दाव्याच्या आदल्या वर्षी कारखान्याने एक जुनी शेड आणि तिच्यातली गँट्री पाडली होती, त्यामुळे त्या वर्षी हे भंगार नेहमीपेक्षा बरेच जास्त निघाले.

अडचण अशी होती की दोन्ही प्रकारांचा माल एकाच यार्डात पडत असे, एकाच व्यापाऱ्याला विकला जाई आणि एकाच फाटकातून एकाच नमुन्याच्या बिलावर बाहेर जाई. पहिल्या अपिलाच्या तयारीसाठी मी मे महिन्यात ते यार्ड पाहायला गेलो, तेव्हा दुपारी लोखंडाला हात लावण्याची सोय नव्हती. ढिगाच्या खालच्या बाजूला कूलंटच्या तेलाने काळे पडलेले टर्निंग होते आणि त्याच्यावर पाडलेल्या शेडचे अँगल आडवे टाकलेले होते. वजन करताना ट्रक धरमकाट्यावर उभा राहतो आणि पावतीवर एकच आकडा छापून येतो. त्या आकड्यात टर्निंग किती आणि अँगल किती, हे धरमकाटा सांगत नाही.

दावा कसा जन्माला आला

२०१० पर्यंत कारखाना देखभालीचे भंगार साध्या व्यापारी बिलावर, शुल्क न लावता विकत होता. त्या वर्षी उत्पादन शुल्क विभागाच्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की भंगार दरपत्रकात आहे, ते विकले गेले आहे, मग शुल्क का भरले नाही. मागच्या तीन वर्षांच्या विक्रीवर हिशेब करून एक लाख रुपये भरण्यास सांगण्यात आले. कारखान्याने ते पीएलएतून, म्हणजे शुल्काच्या चालू खात्यातून रोखीने भरले. मात्र भरण्याच्या दिवशीच लेखा विभागाने रेंज कार्यालयाला, म्हणजे उत्पादन शुल्क विभागाच्या स्थानिक कार्यालयाला, दोन परिच्छेदांचे पत्र दिले, ज्यात ही रक्कम हरकत राखून, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला अंडर प्रोटेस्ट म्हणतात त्या पद्धतीने, भरत असल्याचे लिहिले होते. पत्राच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का होता. या शिक्क्याचे मोल पुढे कळले.

आक्षेप पुन्हा येऊ नये म्हणून त्यानंतर कारखान्याने सोपा मार्ग धरला आणि यार्डातून निघणाऱ्या प्रत्येक किलोवर शुल्क लावून ते व्यापाऱ्याकडून वसूल करायला सुरुवात केली. पुन्हा पत्र देण्याची कुणाला गरज वाटली नाही. शुल्क आपल्या खिशातून जात नसेल तर हरकत घेण्याचा उत्साह कुणाला असतो?

ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रासिम इंडस्ट्रीजच्या प्रकरणात निकाल दिला. तिथे कारखाना सिमेंटचा होता आणि वाद यंत्रांच्या दुरुस्तीतून निघणाऱ्या धातूच्या भंगाराचा होता. न्यायालयाने सांगितले की शुल्क लागण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. वस्तू दरपत्रकात असली पाहिजे आणि ती केंद्रीय उत्पादन शुल्क अधिनियमाच्या कलम ३ च्या अर्थाने उत्पादित किंवा निर्मित असली पाहिजे. यंत्राची दुरुस्ती करताना निघालेले भंगार ही दुसरी अट पूर्ण करत नाही, कारण दुरुस्ती म्हणजे त्या भंगाराची निर्मिती नव्हे. दरपत्रकाच्या पंधराव्या विभागातील भंगाराची व्याख्या झिजलेल्या आणि मोडलेल्या वस्तूंनाही कवेत घेते, पण व्याख्येत बसणे हे निर्मितीला पर्याय ठरत नाही. हा निकाल वाचल्यावर कारखान्याने मागच्या सगळ्या भरण्यांची बेरीज केली आणि सहा लाखांचा दावा सहायक आयुक्तांकडे दाखल झाला.

विभागाचा पहिला बचाव

मूळ आदेशात दावा पूर्ण फेटाळला गेला. त्यातला पहिला आधार २००८ च्या वित्त अधिनियमाने केलेल्या दुरुस्तीचा होता. त्या वर्षी १० मेपासून कलम २(डी) मध्ये एक स्पष्टीकरण आले, ज्यानुसार मोबदला घेऊन खरेदी-विक्री होऊ शकणारी कोणतीही वस्तू ही बाजारयोग्य मानली जाईल. ग्रासिमचा निकाल या दुरुस्तीच्या आधीच्या कालावधीचा आहे, भंगार तर रोज विकले जाते, म्हणून २००८ नंतर ते शुल्कपात्र आहे, अशी मांडणी आदेशात होती.

ही मांडणी वरवर बिनतोड दिसते, पण ती दोन वेगळ्या अटींना एक समजते. स्पष्टीकरणाने बाजारयोग्यतेचा प्रश्न सोडवला, निर्मितीचा प्रश्न जसाच्या तसा राहिला. आमचे अपील प्रलंबित असतानाच मुंबई उच्च न्यायालयाने हिंडाल्कोच्या प्रकरणात ॲल्युमिनियमच्या ड्रॉसबद्दल (धातू वितळवताना निघणाऱ्या मळीबद्दल) हेच सांगितले, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएससीएल शुगरच्या प्रकरणात उसाच्या बगॅसबाबत, म्हणजे चिपाडाबाबत, २००८ नंतरच्या कालावधीसाठीही तीच भूमिका घेतली. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रीय उत्पादन व सीमाशुल्क मंडळाने परिपत्रक काढून याविषयीची जुनी विरुद्ध परिपत्रके मागे घेतली. त्यानंतर शुल्कपात्रतेवर वाद घालण्यासारखे फारसे काही उरले नाही, आणि विभागाच्या प्रतिनिधींनीही दुसरे अपील जिथे चालते त्या न्यायाधिकरणापुढे त्यावर वेळ घालवला नाही. खरा वाद पुढेच होता.

सहा लाखांची फोड

अपिलाची तयारी करताना आम्ही दाव्याची रक्कम भरण्याच्या तारखेनुसार आणि मालाच्या प्रकारानुसार वेगळी केली. हे काम दावा दाखल करण्यापूर्वीच व्हायला हवे होते, पण तेव्हा सगळ्यांची नजर ग्रासिमवर होती. फोड केल्यावर पाच भाग निघाले: लेखापरीक्षणानंतर हरकत राखून भरलेले एक लाख, दाव्याच्या तारखेपूर्वी एक वर्षाच्या पलीकडे बिलातून भरलेले दीड लाख, एक वर्षाच्या आत बिलातून भरलेले एक लाख ऐंशी हजार, सेनव्हॅट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या शुल्काची वजावट) घेतलेल्या भांडवली यंत्रांच्या भागांवरचे सत्तर हजार, आणि ज्यात उत्पादनाचे आणि देखभालीचे भंगार मिसळले होते अशा ट्रकांवरचे एक लाख. प्रत्येक भागाचे नशीब वेगळे निघाले.

मिश्र ट्रकांचा भाग आम्ही स्वतःच सोडला. देखभाल विभागाच्या अभियंत्याने त्या मालात साठ टक्के देखभालीचे भंगार असल्याचा दाखला दिला होता. तो प्रामाणिक होता, पण त्याच्या मागे एकही नोंद नव्हती. परताव्यात सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असतो आणि अंदाजाला तिथे जागा नसते. असा दाखला रेटत राहिलो असतो तर चांगल्या भागांवरचा विश्वासही गेला असता.

भांडवली यंत्रांच्या भागांचा मुद्दा अनेक कारखान्यांच्या ध्यानात येत नाही. सेनव्हॅट क्रेडिट नियम २००४ मधील नियम ३(५ए) असा होता की, ज्या भांडवली मालावर क्रेडिट घेतले आहे तो भंगार म्हणून बाहेर गेला तर विक्रीमूल्यावर शुल्काएवढी रक्कम भरावी लागेल. येथे निर्मितीचा प्रश्नच येत नाही, कारण ही रक्कम घेतलेल्या क्रेडिटच्या बदल्यात द्यायची असते. ग्रासिमचा आधार इथे चालत नाही. कारखान्याचा एक जुना प्रेस १९८० च्या दशकातला होता. भांडवली मालावर मॉडव्हॅट, म्हणजे सेनव्हॅटच्या आधीच्या योजनेचे, क्रेडिट १९९४ पासून मिळू लागले, त्यामुळे त्या प्रेसच्या मूळ सांगाड्यावर क्रेडिट घेतले गेले असणे शक्य नव्हते. त्याला नंतर बसवलेल्या सुट्या भागांवर मात्र क्रेडिट घेतलेले होते. सांगाड्याचे आणि सुट्या भागांचे वजन वेगळे नोंदलेले नव्हते, आणि सत्तर हजारांचा भाग तिथेच संपला.

दीड लाखांची मुदत

कलम ११-बी नुसार परताव्याचा अर्ज ठरलेल्या तारखेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. शुल्क हरकत राखून भरले असेल तर ही मुदत लागू होत नाही. २०१० मधल्या भरण्याला आवक शिक्क्याचे पत्र होते. त्यानंतरच्या बिलांतील भरण्यांना नव्हते. एकदा हरकत नोंदवली म्हणजे ती पुढच्या प्रत्येक भरण्याला लागू होते, असा युक्तिवाद आम्ही करून पाहिला. न्यायाधिकरणाने विचारले की बिलावर, मासिक विवरणपत्रात किंवा कुठल्याही पत्रात या भरण्यांबद्दल एखादा शब्द आहे का. ईआर-१ विवरणपत्रांत तसे काहीच नव्हते.

मग दुसरा मार्ग होता. कलम ११-बी च्या स्पष्टीकरणात अशी तरतूद आहे की न्यायालयाच्या निकालामुळे परतावा देय झाला असेल तर निकालाची तारीख ही सुरुवात मानावी. ग्रासिमचा निकाल ऑक्टोबर २०११ चा आणि दावा जून २०१२ चा, म्हणजे वर्षाच्या आतला. कागदावर हे सुंदर दिसते. पण १९९६ च्या मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणातील नऊ न्यायाधीशांच्या निकालापुढे ते टिकत नाही. त्या निकालाने दोन दारे बंद केली आहेत. असंवैधानिक करआकारणीचा अपवाद सोडला तर परताव्याचा प्रत्येक दावा त्या कायद्यातील तरतुदीनुसारच चालेल, करार कायद्याच्या किंवा चुकीने दिलेल्या पैशाच्या सर्वसाधारण तत्त्वावर नव्हे. आणि दुसऱ्याने लढून जिंकलेल्या निकालाच्या आधारावर आपला जुना भरणा उघडता येणार नाही. निकालाची तारीख सुरुवात मानायची तर तो निकाल दावेदाराच्या स्वतःच्या प्रकरणातला हवा. दीड लाख मुदतीबाहेर ठरले.

या भागाबद्दल माझ्या मनात अजूनही थोडी अस्वस्थता आहे. लेखापरीक्षकांच्या सांगण्यावरून जो कर भरायला सुरुवात झाली, तो कर मुळातच लागत नव्हता हे सर्वांनी मान्य केल्यावर, केवळ पत्र पुन्हा दिले नाही म्हणून तो परत न मिळणे हे कायद्याच्या दृष्टीने बरोबर असले तरी पचायला जड जाते. अर्थात हे दीड लाखही व्यापाऱ्याकडूनच वसूल झालेले होते, त्यामुळे मुदतीचा अडथळा पार झाला असता तरी ते पुढच्या अडथळ्याला अडखळलेच असते.

एक लाख ऐंशी हजार आणि बिलातल्या चार ओळी

पुढचा अडथळा म्हणजे अनुचित लाभाचे तत्त्व. १९९१ मध्ये कलम ११-बी बदलले गेले आणि तेव्हापासून परतावा मागणाऱ्याला हे सिद्ध करावे लागते की शुल्काचा बोजा त्याने दुसऱ्या कुणावर टाकलेला नाही. कलम १२-बी उलट असे गृहीत धरते की बोजा खरेदीदारावर गेलाच आहे. हे गृहीतक खोडण्याची जबाबदारी दावेदाराची.

आमच्या फाइलमधले एक नमुन्याचे बिल असे होते. दहा हजार किलो भंगार, वीस रुपये किलो, मूळ किंमत दोन लाख. त्याखाली उत्पादन शुल्क दहा टक्के, वीस हजार. शिक्षण उपकर चारशे. माध्यमिक व उच्च शिक्षण उपकर दोनशे. म्हणजे शुल्कापोटी वीस हजार सहाशे, आणि सगळ्यावर व्हॅट. व्यापाऱ्याने ही पूर्ण रक्कम चेकने दिलेली होती. बोजा कुणावर गेला याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा विभागाला शोधायला जावे लागले नाही, तो आम्हीच जोडपत्रात दिला होता.

इथे कारखानदाराची कोंडी लक्षात घेण्यासारखी आहे. कलम १२-ए सांगते की बिलावर शुल्क वेगळे आणि ठळक दाखवा. दाखवले की कलम १२-बी चे गृहीतक बळकट होते. आणि शुल्क म्हणून वसूल केलेला पैसा, शुल्क मुळात लागत नसले तरी, कलम ११-डी प्रमाणे सरकारकडे जमा करावाच लागतो. एकदा बिलात शुल्काची ओळ लिहून पैसे घेतले की तो पैसा कारखान्याचा उरत नाही, मग निर्मितीच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय काहीही म्हणो.

कारखान्याच्या संचालकांनी २०१३ मध्ये एक उपाय सुचवला. व्यापाऱ्याला एक लाख ऐंशी हजारांच्या क्रेडिट नोट देऊ, मग बोजा आमच्यावर आला असे म्हणता येईल. त्या काळात क्रेडिट नोटवर निरनिराळ्या पीठांची मते वेगवेगळी होती, म्हणून मी थोडे थांबायला सांगितले आणि आधी व्यापाऱ्याशी बोलावे म्हटले. व्यापारी माणूस सरळ होता. त्याने वहीच पुढे केली. "बिलात जेवढं लिहिलं तेवढं मी देल्लं, अन् माह्या बिलात ते पुढच्याले लावलं," तो म्हणाला. "आता हे पैसे कोनाचे अन् परत कोनाले द्याचे?"

त्याच्या या प्रश्नात अनुचित लाभाचा सगळा सिद्धांत आला. तो नोंदणीकृत डीलर होता. माल जालन्याच्या एका भट्टीकडे जात असे आणि त्याच्या बिलावरून भट्टी शुल्काचे सेनव्हॅट क्रेडिट घेत असे. म्हणजे कारखान्याने भरलेले वीस हजार सहाशे भट्टीने आपल्या शुल्कातून वळते केलेले होते. सरकारने एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने सोडले. आता कारखान्याला परतावा दिला असता तर तेच पैसे सरकारने दोनदा सोडल्यासारखे झाले असते. क्रेडिट नोट देऊन व्यापाऱ्याला पैसे मिळाले असते, पण त्याने ते आधीच पुढे वसूल केले होते.

ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲडिसन अँड कंपनीच्या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. नंतर दिलेल्या क्रेडिट नोटने काम भागत नाही, शेवटी बोजा कुणी सोसला हे पाहिले जाईल. आमचे अपील तेव्हा प्रलंबित होते. क्रेडिट नोटा दिल्या असत्या तर कारखान्याचे एक लाख ऐंशी हजार दुसऱ्यांदा गेले असते. या भागावर मी कारखान्याची बाजू मांडली खरी, पण मनातून मला विभागाचे म्हणणे पटलेले होते. न्यायाधिकरणाने परतावा तत्त्वतः देय मानला आणि रक्कम ग्राहक कल्याण निधीत, म्हणजे बोजा दुसऱ्यावर गेलेला परतावा जिथे वळवला जातो त्या सरकारी निधीत, जमा करण्याचा आदेश दिला.

एक लाखाचे पान

उरला तो २०१० मधला एक लाख. मुदतीचा प्रश्न पत्राने सोडवला होता. विभागाने दोन हरकती घेतल्या. पहिली अशी की, ही रक्कम तत्कालीन कलम ११-ए(२बी) खाली नोटीस येण्यापूर्वी स्वखुशीने भरून प्रकरण मिटवलेले आहे, मिटलेले प्रकरण आता उघडता येणार नाही. त्या तरतुदीत भरणा केल्यावर नोटीस दिली जात नसे हे खरे, पण भरणाऱ्याने त्याच दिवशी हरकत नोंदवली असेल तर त्याने मान्य करून भरले असे म्हणता येत नाही. पत्राच्या पहिल्याच वाक्यात "आक्षेप मान्य नसताना" असे शब्द होते. ते कुणी वकिलाने सुचवले नव्हते. कारखान्याच्या ज्येष्ठ लेखापालाने स्वतः लिहिले होते.

दुसरी हरकत पुन्हा बोजाचीच. शुल्क नंतर भरले म्हणून बोजा गेला नाही असे होत नाही, रक्कम नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून टाकली असेल तर ती मालाच्या किमतीत जिरवली असे मानता येते, असे विभागाचे म्हणणे होते. या म्हणण्याला बऱ्याच निकालांचा आधार आहे. म्हणूनच सुनावणीच्या दिवशी आम्ही खतावणीचे एक पान आणि तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन मुंबईला गेलो. पानावरच्या खात्याचे नाव होते "केंद्रीय उत्पादन शुल्क विभाग, हरकत राखून भरलेली येणे रक्कम". एक लाखाची नोंद, समोर पीएलएचा क्रमांक आणि पत्राचा आवक क्रमांक. पुढची दोन वर्षे तीच रक्कम "कर्जे व आगाऊ रकमा" या शीर्षकाखाली ताळेबंदात दिसत होती. माल तर शुल्क न लावताच भरण्याआधीच्या तीन वर्षांत विकला गेला होता आणि व्यापाऱ्याला पूरक बिल कधी दिलेले नव्हते. सनदी लेखापालाचा दाखला सोबत होता, पण पीठाने दाखल्यापेक्षा पान जास्त वेळ पाहिले.

लेखापरीक्षकांनी २०११ मध्ये ही येणे रक्कम खर्चात टाकावी असे सुचवले होते, हे मला नंतर कळले. ज्येष्ठ लेखापालांनी ते ऐकले नाही. "भांडण चालू आहे तोवर पैसे आपले आहेत," असे त्यांचे म्हणणे होते. लेखाशास्त्राच्या कसोटीवर लेखापरीक्षकांचा सल्ला चुकीचा नव्हता. पण तो मानला गेला असता तर या प्रकरणातला शेवटचा लाखही ग्राहक कल्याण निधीत गेला असता.

व्याज आणि रोख

न्यायाधिकरणाचा आदेश २०१८ च्या सुरुवातीला आला. तोपर्यंत वस्तू व सेवा कर लागू झाला होता आणि उत्पादन शुल्काची जुनी खाती बंद झाली होती. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १४२(३) नुसार जुन्या कायद्याखालील परताव्याचे दावे जुन्या कायद्यानेच ठरतात आणि देय रक्कम रोखीने मिळते, फक्त अनुचित लाभाची कसोटी कायम राहते. ती कसोटी पार झाली होती.

व्याज कधीपासून, यावर थोडा वाद झाला. मंजुरीच्या मसुद्यात ते न्यायाधिकरणाच्या आदेशापासून मोजलेले होते. कलम ११-बीबी नुसार अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत परतावा दिला नाही तर त्यानंतर व्याज लागते, आणि वरच्या पातळीवर झालेला आदेशही कलम ११-बी(२) खालचाच आदेश मानला जातो. रॅनबॅक्सी लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे सांगितले होते. जून २०१२ चा अर्ज, म्हणून सप्टेंबर २०१२ पासून व्याज. सहा टक्के दराने सहा वर्षे, एक लाखावर छत्तीस हजार. ही आकडेमोड दाखवल्यावर मसुदा बदलला गेला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पैसे आले.

२०१९ मध्ये जुने वाद मिटवण्यासाठी सबका विश्वास योजना आली, तेव्हा कारखान्याने विचारले की दीड लाखांचे काही करता येईल का. परताव्याचे वाद त्या योजनेच्या बाहेर ठेवलेले होते. फाइल तिथे बंद झाली.

वस्तू व सेवा करात हा वाद याच स्वरूपात पुन्हा उभा राहणार नाही, कारण तिथे कर निर्मितीवर नसून पुरवठ्यावर आहे. टर्निंग असो की जुना गर्डर, विकला की कर लागतो. त्यामुळे यार्डातले दोन ढीग वेगळे ठेवण्याचे करासाठीचे मोठे कारण संपले. तरीही कारखान्याने २०१४ मध्ये घातलेली विटांची आडभिंत तशीच ठेवली आहे. ट्रक आता प्रत्येक ढिगासाठी वेगळा धरमकाट्यावर जातो. त्याचे कारण मी विचारले तेव्हा देखभाल विभागाच्या अभियंत्याने सांगितले की व्यापारी मिश्र मालाला सगळ्यात हलक्या मालाचा भाव लावत असे, आणि बेअरिंगचे पोलाद वेगळे दिले की किलोमागे जास्त पैसे देतो.